थकव्याला रकानाच नव्हता: ११ पेशंट, एक परिषद आणि ट्रेनिंग नक्की कशाचं द्यायचं

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात. त्याच्या औषधाची ट्रायल करायची तर पेशंटचं काय काय मोजायचं याची एक ठरलेली यादी असते. दाबल्यावर किती सांधे दुखतात, किती सुजलेत, वेदना किती, रोजची कामं किती जमतात, पेशंटला स्वतःला एकंदर कसं वाटतंय, डॉक्टरला पेशंट कसा वाटतोय आणि रक्तातली ईएसआर किंवा सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणाऱ्या तपासण्या. झाल्या सात गोष्टी. १९९० च्या दशकाच्या सुरवातीला ही यादी पक्की झाली आणि ती व्हायलाच हवी होती, कारण त्याआधी जो तो आपल्याला हवं ते मोजायचा आणि मग या औषधाची त्या औषधाशी तुलनाच करता यायची नाही.

यादीत थकवा नव्हता.

हे प्रकरण त्या न मोजलेल्या थकव्याचं आहे. सर्वसामान्य माणसांना, पेशंटना, आरोग्य संशोधनात भाग घेण्यासाठी ट्रेनिंग कसं द्यावं यावर कोणी बोलायला लागलं की मला हेच आठवतं, कारण ट्रेनिंगच्या बाजूने आणि विरुद्ध, दोन्हीकडून यात दाखले सापडतात. बहुतेक लोक त्यातला आपल्या सोयीचा अर्धा भाग सांगतात.

ओमेरॅक्ट नावाची एक आंतरराष्ट्रीय मंडळी आहे. १९९२ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्तला त्यांची पहिली परिषद झाली आणि मग साधारण दर दोन वर्षांनी होत राहिली. काम एकच, सांध्यांच्या आजारांच्या ट्रायलमध्ये काय मोजायचं आणि कशाने मोजायचं ते ठरवणं. डॉक्टर, संख्याशास्त्रवाले, औषध कंपन्यांची माणसं एकत्र बसणार, छोट्या गटात चर्चा करणार, मग मोठ्या हॉलमध्ये मतदान. आजार ज्यांना आहे ती माणसं पहिली दहा वर्षं त्या खोलीत नव्हती. कोणी मुद्दाम बाहेर ठेवलं होतं असं नाही, ते कोणाच्या डोक्यातच आलं नसावं. वेदनेचा आकडा पेशंटच देतो, म्हणजे पेशंटचं म्हणणं आलंच की, असा तो हिशोब.

२००२ ची सहावी परिषद ऑस्ट्रेलियात होती. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे सांधेरोगतज्ज्ञ जॉन किरवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावून धरल्यामुळे या वेळी आमवात असलेले ११ पेशंट बोलावले. पाहुणे म्हणून नाही, आपली गोष्ट सांगून टाळ्या घेऊन खाली बसायला तर अजिबात नाही, चर्चेत भाग घ्यायला. पेशंटच्या नजरेतून या आजारात काय महत्त्वाचं आहे यावर वेगळी कार्यशाळाच ठेवली.

आता या ११ जणांचं ट्रेनिंग काय झालं होतं? आजच्या मापाने बघितलं तर जवळपास काहीच नाही. संशोधनाची पद्धत, आकडेशास्त्र असला कोणताही कोर्स करून ती माणसं आलेली नव्हती. आजार अंगात घेऊन वर्षानुवर्षं जगल्याचा अनुभव तेवढा होता. आणि चर्चेत त्यांच्याकडून जे पुढे आलं ते डॉक्टरांच्या यादीत कुठेच नव्हतं, थकवा.

डॉक्टरांना थकवा माहीत नव्हता असं म्हणणं अन्यायाचं होईल. माहीत होता, त्याच्यावर आधी लिहूनही झालं होतं. पण समज अशी होती की थकवा हा मागून येणारा पाहुणा, वेदना आहे म्हणून आहे, रक्त कमी आहे म्हणून आहे, झोप नाही, मन उदास आहे म्हणून आहे. मूळ सूज आटोक्यात आणा, तो आपोआप जाईल, वेगळा मोजायचा कशाला. शिवाय थकवा कोणाला नसतो, निरोगी माणूसही संध्याकाळी दमतो, मग या आजाराचं त्यात विशेष काय? विचार तर्काला धरूनच होता, फक्त तो करणाऱ्यांपैकी तो थकवा कोणाच्या अंगात नव्हता.

पेशंट म्हणत होते ती गोष्टच वेगळी होती, आणि इथे मला मराठीचा फार उपयोग होतो. आपल्याकडे दमणं वेगळं, शीण येणं वेगळं, गळून जाणं वेगळं आणि अंगातलं त्राणच जाणं वेगळं. दमलेला माणूस झोपून उठला की ताजा होतो आणि आपण का दमलो ते त्याला सांगता येतं, पण ज्याचं त्राण गेलंय तो रात्रभर झोपून सकाळी आणखी गळालेला उठतो आणि विचारलंत तर कारण सांगू शकत नाही, कारण त्याने काही केलेलंच नसतं. फॉर्मवर मात्र या सगळ्याला मिळून एकच शब्द आणि या आजाराच्या फॉर्मवर तर तोही नाही.

पुढे संशोधक सारा ह्युलेट आणि त्यांच्या ब्रिस्टलच्या टीमने ज्यांना भरपूर थकवा आहे अशा १५ पेशंटच्या एकेकट्या सविस्तर मुलाखती घेतल्या, ते काम २००५ मध्ये छापून आलं. निष्कर्षाचा गाभा तीन शब्दांत, जबरदस्त, हाताबाहेरचा आणि दुर्लक्षित. तिसरा शब्द मला सगळ्यात लागला. बरेच पेशंट डॉक्टरकडे थकव्याचा विषयच काढत नव्हते, आजाराचा भाग आहे, यावर काही होणार नाही असं त्यांनी धरून टाकलं होतं. म्हणजे डॉक्टर विचारत नाहीत म्हणून पेशंट सांगत नाहीत, आणि पेशंट सांगत नाहीत म्हणून डॉक्टरांना ते महत्त्वाचं वाटत नाही. हे चक्र दवाखान्यात तुटणं अवघडच होतं, तिथे तर समोरासमोर बसून दहा मिनिटांत औषधाचं बोलायचं असतं. ते तुटलं अशा खोलीत जिथे पेशंट एकमेकांसमोर बसले होते.

इथपर्यंत गोष्ट ऐकली की ट्रेनिंगला नाकं मुरडणारे लोक खूश होतात. बघा, न शिकवलेल्या माणसांनीच शोधून काढलं ना, शिकवलं असतं तर बिघडलं असतं. यात तथ्य आहे हे मी मान्य करतो. कल्पना करा, परिषदेच्या आधी या ११ जणांना दोन दिवस बसवून ती सात गोष्टींची यादी शिकवली, तिच्यामागचं शास्त्र शिकवलं, ती किती कष्टाने बनली ते सांगितलं. मग त्यांच्यातला एखादा तरी मनात म्हणालाच असता की माझा थकवा यादीत नाही त्या अर्थी तो या लोकांच्या कामाचा नसणार, उगाच वेळ कशाला घ्या. हे माझं अनुमान आहे, कोणी प्रयोग करून बघितलेलं नाही. पण मी स्वतः एका ट्रेनिंगला बसलोय जिथे पहिले दोन तास पी व्हॅल्यूवर, म्हणजे निकाल निव्वळ योगायोगाचा असू शकतो का हे बघायच्या आकड्यावर गेले आणि दुपारी "आता तुमचा अनुभव सांगा" म्हटल्यावर बसलेल्या लोकांनी एकमेकांकडे बघितलं आणि "आमचं काय, साधंच आहे" असं म्हणायला सुरवात केली. सकाळी हीच माणसं बाहेर चहा घेताना भडाभडा बोलत होती.

पण गोष्ट २००२ ला संपत नाही, खरी मेहनत तिथून पुढे आहे.

कारण "आम्हाला थकवा येतो" हे म्हणणं आणि "ट्रायलमध्ये थकवा या पट्टीने, म्हणजे या प्रश्नावलीने, मोजा" हे म्हणणं यात चार वर्षांचं अंतर पडलं. ओमेरॅक्टची एक चाळणी आहे, कोणतंही माप स्वीकारायच्या आधी तीन प्रश्न विचारतात. ते खरंच जे मोजायचं तेच मोजतं का? बरं झालेल्यात आणि न झालेल्यात, आज आणि तीन महिन्यांनंतर, फरक दाखवतं का? आणि प्रत्यक्षात वापरता येतं का, म्हणजे वेळ, पैसा, कटकट यांच्या हिशोबात बसतं का? ही चाळणी पेशंटच्या अनुभवाला सूट देत नाही आणि देऊही नये. थकव्याच्या बाबतीत तर आणखी एक गंमत होती, पट्ट्या नव्हत्या असं नाही, उलट नको तितक्या होत्या. आमवाताच्या अभ्यासांत वापरलेल्या थकव्याच्या पट्ट्या शोधून तपासल्या तर २३ निघाल्या आणि त्यातल्या जेमतेम ६ च्या मागे बऱ्यापैकी पुरावा होता. काही दुसऱ्याच आजारांसाठी बनवलेल्या आणि इथे आणून लावलेल्या.

आता या टप्प्यावर नुसता अनुभव पुरत नाही, इथे पेशंटला काहीतरी शिकलेलं असावं लागतं. उदाहरण माझं, समजा प्रश्नावलीत प्रश्न आहे की "गेल्या आठवड्यात तुम्हाला किती उत्साही वाटलं?" न शिकलेला पेशंट या प्रश्नावर अस्वस्थ होईल, काहीतरी खटकतंय हे त्याला कळेल, पण बोलता येणार नाही आणि तो आकडा टाकून मोकळा होईल. ज्याला पट्टीची पारख म्हणजे काय हे कोणीतरी अर्धा तास धड समजावलंय तो म्हणेल, थांबा, मी मनाने उत्साही आहे, मला नातवाच्या शाळेत जायचंय, पण अंग उठत नाही, मग मी काय लिहू? तुमचा प्रश्न मन विचारतोय आणि मी अंगाचं सांगतोय. हा आक्षेप संख्याशास्त्रवाल्याला लगेच कळतो, कारण तो त्याच्याच भाषेतला आहे. आधी जी नुसती कुरकुर वाटली असती तिला आता उत्तर द्यावं लागतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की काय महत्त्वाचं आहे ते शोधायला ट्रेनिंग लागत नाही, सापडलेलं टिकवायला लागतं. आणि हे दोन टप्पे एकाच कोर्समध्ये कोंबले, त्यातही टिकवण्याचं आधी आणि शोधण्याचं नंतर, की दोन्ही जातात.

२००६ मध्ये माल्टाच्या आठव्या परिषदेत थकवा मान्य झाला, आमवाताच्या ट्रायलमध्ये जिथे शक्य आहे तिथे तो मोजावा असं ठरलं. २००८ मध्ये युरोपातली सांधेरोगांची संघटना युलार आणि अमेरिकेतली ऱ्हुमॅटॉलॉजिस्टांची संघटना यांनी मिळून ट्रायलचे निकाल कसे मांडावेत याच्या शिफारशी काढल्या, त्यातही थकवा आला. आणि ब्रिस्टलच्या टीमने पेशंटच्याच शब्दांतून नव्या पट्ट्या बांधल्या, त्यातली मोठी २० प्रश्नांची, २०१० मध्ये आलेली. तिचे चार भाग आहेत, शरीराचा थकवा, थकव्यासोबत जगणं, मनावरचा परिणाम आणि चौथा म्हणजे डोकं न चालणं, विचार न करता येणं, लक्ष न लागणं. सांध्यांच्या आजाराच्या फॉर्मवर डोकं चालतं का हा प्रश्न येणं ही माझ्या मते या सगळ्या उद्योगाची सगळ्यात सुंदर कमाई आहे.

मधल्या काळात ट्रेनिंगचं काय झालं? ते हळूहळू, गरज पडेल तसं उभं राहिलं. अवघड शब्दांचा साध्या भाषेतला कोश झाला. परिषदेच्या आधी पेशंटसाठी ओळखसत्र, कोण कोण येणार, मतदान कसं होतं, कुठल्या चर्चेत काय चाललंय. आधी येऊन गेलेले पेशंट नव्यांना सोबत करायला लागले, आणि माझा अनुभव असा की कुठल्याही स्लाइडपेक्षा हे जास्त कामाला येतं, कारण "मलाही पहिल्या दिवशी काही कळलं नव्हतं" हे वाक्य डॉक्टरच्या तोंडून कधी ऐकायला मिळत नाही.

ह्युलेट आणि मंडळींनी २००६ मध्ये पेशंटसोबत काम करण्याच्या अनुभवावरून पाच गोष्टींचा आराखडा मांडला, इंग्रजी आद्याक्षरं जुळवून त्याला फर्स्ट म्हणतात. सहभाग सोपा करणं, योग्य प्रकल्प आणि भूमिका निवडणं, आदर, आधार आणि मग ट्रेनिंग. ट्रेनिंग शेवटी! अक्षरं जुळवायची म्हणून तसं आलं असेल कदाचित, पण क्रम मला पटतो. सकाळी ज्याची बोटं दोन तास वळत नाहीत त्याला आठच्या मीटिंगला बोलावून तुम्ही उत्तम आकडेशास्त्र शिकवलंत तरी काय उपयोग, तो नऊपर्यंत पोचणारच नाही. प्रवासाचे पैसे आधी खिशातून घाला, बिलं पाठवा, दोन महिन्यांनी मिळतील असं सांगितलं की ज्यांना ते परवडतं तेच येतात आणि मग आपण म्हणतो सामान्य लोक पुढे येत नाहीत. मधे पडायला एखादी शांत खोली, अधूनमधून सुट्टी, कागदपत्रं आठवडाभर आधी. हे ट्रेनिंगच्या बजेटमध्ये कोणी धरत नाही, पण याच्याशिवाय ट्रेनिंग हवेत जातं.

आणि शिकायचं फक्त पेशंटनी का? खोलीतल्या डॉक्टरांना कोणी शिकवलं होतं की पेशंट बोलताना तपासायच्या मोडमध्ये जायचं नाही? पेशंटने "मला सकाळी उठवत नाही" म्हटलं की दहापैकी आठ डॉक्टरांचं पुढचं वाक्य "सध्या कोणती औषधं चालू आहेत" असं येतं, सवयच असते ती. (दहापैकी आठ हा माझ्या चिडचिडीतून आलेला आकडा आहे, कुठे छापू नका.) त्या क्षणी समोरचा माणूस सहकाऱ्याचा पुन्हा पेशंट होतो आणि मग तो त्या दिवशी परत सहकारी होत नाही.

मार्टेन द विट हे नाव इथे घ्यायलाच हवं. ते २००२ ला पेशंट म्हणून त्या परिषदेला गेले आणि पुढे याच विषयावर, पेशंटच्या सहभागावर, त्यांनी पीएचडी केली. २०१३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ओमेरॅक्टच्या दहा वर्षांचा हिशोब मांडला. फायदा झाला हे त्यात आहेच, थकव्यासारखे विषय पेशंटमुळे आले, संशोधनाचा अजेंडा रुंदावला. पण अडचणीही आहेत, भूमिका नेहमी स्पष्ट नसते, कोण येतं यात विविधता कमी. ते अपेक्षितच आहे, परिषद इंग्रजीत, प्रवास लांबचा, आजार असताना विमानात बसायची ताकद हवी, म्हणजे चाळणी दारातच लागते.

आणि मग तो जुना पेच. तोच पेशंट चार परिषदांना गेला की तो तयार होतो, शब्द येतात, आत्मविश्वास येतो, डॉक्टर त्याला नावाने ओळखतात, आणि एक दिवस तो नव्या पेशंटला सांगतो की "तुम्ही म्हणता ते या डोमेनमध्ये (म्हणजे मोजायच्या विषयात) येत नाही." मी हे दुसऱ्या एका ठिकाणी ऐकलंय, सांगणाऱ्याचा हेतू मदतीचाच होता. मग करायचं काय, जुने काढून दरवेळी नवे आणायचे? तसं केलं तर टिकवण्याच्या टप्प्यावर कोणीच उरणार नाही. माझ्या मते जुना आणि नवा दोघे सोबत हवेत. युलारने २०११ मध्ये पेशंटना संशोधनात घेण्याबद्दल आठ शिफारशी केल्या त्यात प्रत्येक प्रकल्पात किमान दोन पेशंट असावेत असं आहे. त्यांची कारणं काहीही असोत, मला ते दोन असेच दिसतात, एक ज्याला भाषा येते आणि एक ज्याला अजून येत नाही.

मतदानाचा मुद्दा राहिला. ओमेरॅक्टमध्ये माप मान्य व्हायला ७० टक्के मतं लागतात अशी रीत, आणि पेशंटही मत देतात. थकवा महत्त्वाचा का, यावर त्यांनी मत देणं सरळ आहे. पण एखाद्या स्कॅनच्या गुणांकनाची पद्धत योग्य की अयोग्य, यावर? काही जण म्हणतात मत सगळ्यांना सारखं हवं, नाहीतर पेशंट नावालाच. मला वाटतं ट्रेनिंगमध्ये हेही शिकवायला हवं की "यातलं मला पुरेसं कळलेलं नाही, मी यावर मत देत नाही" हे म्हणणं कमीपणाचं नाही, आणि हेच डॉक्टरांनाही शिकवायला हवं, त्यांना तर ते जास्त जड जातं.

मला कोणी अशा ट्रेनिंगचा पहिला तास आखायला सांगितला तर या प्रकरणावरून मी एवढंच करीन. काहीही न शिकवता लोकांच्या हातात कोरा फॉर्म देईन. आमवाताचंच घ्या, रोगाची तीव्रता मोजायला जगभर डीएएस-२८ वापरतात, त्यात २८ सांधे मोजतात, खांदे, कोपर, मनगटं, हाताची बोटं, गुडघे. फॉर्म समोर ठेवायचा आणि विचारायचं, काय दिसत नाहीये? ज्याला हा आजार आहे तो काही मिनिटांत सांगेल, पाय कुठे आहेत? घोटे नाहीत, पावलं नाहीत. २८ मध्ये ती खरंच नाहीत. तशी ठेवण्यामागे कारणं आहेत, मोजणी सुटसुटीत राहते, पावलांच्या सुजेची इतरही कारणं असू शकतात, आणि ती कारणं त्यानंतर सांगायची, म्हणजे ऐकणारा ती आपल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून ऐकेल आणि वाद घालेल. तोच धडा, फक्त क्रम उलटा.

थकव्यानंतर ओमेरॅक्टमध्ये पुढचा शब्द आला तो फ्लेअर, आजाराचा भडका. सांध्यांचा आकडा अमुक इतका वर गेला की डॉक्टर त्याला भडका म्हणणार, पेशंटला मात्र तो येतोय हे आधी कळतं आणि फोन करण्यापूर्वी तो घरी काय काय करून बघतो हाही त्यातलाच भाग. या वेळी पेशंट सुरवातीपासून कामात होते. भडक्यात काय मोजायचं याची यादी झाली तेव्हा थकवा तिच्यात होता, त्याच्या शेजारी सकाळचा ताठरपणाही होता. ताठरपणा किती मिनिटं टिकतो हे डॉक्टर आधीपासून विचारत आलेत, पण पेशंट म्हणायला लागले की मिनिटांचं काय घेऊन बसलात, तो किती घट्ट असतो आणि काय काय करू देत नाही ते विचारा. म्हणजे आता त्याचीही नवी पट्टी बांधायला घेणं आलं.